वांद्रे: उपनगराचा इतिहास आणि कारभार – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वांद्र्यात राहणाऱ्यांना, इथे जागा असणाऱ्यांना आणि सरकारी कामासाठी वांद्रे पूर्वेला खेटे घालणाऱ्यांना नेहमी पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत. इतिहास आणि कारभार एकत्र ठेवण्याचं कारण व्यवहाराचं आहे. वांद्र्यात इतिहासाचा प्रत्येक थर आपलं एकेक कार्यालय मागे ठेवून गेला. आजचं काम कुठे अडलंय हे कळायला तो थर माहीत असावा लागतो.

खरं नाव कोणतं, वांद्रे की बांद्रा?

सरकारी मराठीत वांद्रे. बोलण्यात बांद्रा सर्रास चालतं. पोर्तुगीज आणि जुन्या इंग्रजी लिखाणात 'बांडोरा' आहे. १८६७ मध्ये विरारहून बॅकबेला पहिली उपनगरी गाडी निघाली तेव्हा स्थानकाचं नावही बांडोराच होतं. हा वाद फक्त हौसेचा नाही. भूमापनाच्या कागदांत गावाचे 'बांद्रा-ए', 'बांद्रा-बी', 'बांद्रा-सी' असे अक्षरी भाग आहेत, तर मतदारसंघाचं नाव 'वांद्रे पश्चिम'. ऑनलाइन शोधताना एका नावानं नोंद सापडली नाही तर दुसऱ्या नावानं शोधा. नोंद नाहीच असं लगेच धरून चालू नका.

वांद्रे मुंबईत कधी आलं?

प्रश्न एक, उत्तरं तीन.

पालिकेच्या हद्दीत वांद्रे आलं एप्रिल १९५० मध्ये. त्याच वेळी पश्चिमेकडची आणि पूर्वेकडची बरीच उपनगरं बृहन्मुंबईत आली. दहिसर आणि मुलुंडपर्यंतचा भाग, म्हणजे विस्तारित उपनगरं, १ फेब्रुवारी १९५७ला जोडली गेली.

जिल्ह्याचा हिशोब वेगळा आहे. १९२० पर्यंत वांद्रे ठाणे जिल्ह्यात, साष्टी तालुक्यात होतं. १ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबई उपनगर जिल्हा निघाला आणि त्याचं मुख्यालय वांद्र्याला आलं. बृहन्मुंबई झाल्यावर तो जिल्हा विरघळला. पुढे १ ऑक्टोबर १९९० रोजी बृहन्मुंबई जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि मुंबई उपनगर जिल्हा पुन्हा अवतरला, मुख्यालय पुन्हा वांद्रेच.

तिसरं उत्तर लोकांच्या तोंडी असतं: "मुंबईला जाऊन येतो." जुने वांद्रेकर चर्चगेटला निघताना आजही असं म्हणतात आणि ते चुकत नाहीत. माहीमच्या खाडीपलीकडचं सात बेटांचं शहर तेवढी मुंबई. वांद्रे साष्टी बेटावर. साष्टी म्हणजे सहासष्टी, सहासष्ट गावं.

माहीमची खाडी म्हणजे एकेकाळी सरहद्द होती, हे खरं का?

अगदी खरं. १५३४च्या वसईच्या तहानं गुजरातच्या बहादूरशहाकडून साष्टी, वसई आणि मुंबईची बेटं पोर्तुगिजांकडे गेली. १६६१च्या विवाहकरारात त्यांनी इंग्रजांना मुंबई दिली, साष्टी दिली नाही. त्यामुळे माहीमला इंग्रज आणि समोर वांद्र्याला पोर्तुगीज अशी स्थिती सत्तर वर्षांहून जास्त काळ होती. बँडस्टँडच्या टोकाचा किल्ला १६४०चा. तिथून खाडीच्या तोंडावर नजर ठेवता येत असे.

मराठ्यांनी १७३७ मध्ये साष्टी घेतली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला आणि साष्टी बळकावली, १७८२च्या सालबाईच्या तहात ती त्यांच्याकडेच राहिली. इंग्रजांच्या ताब्यात शहर आणि उपनगर येण्यात शंभराहून अधिक वर्षांचं अंतर आहे. जमिनीची कागदपत्रं खाडीच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरी का, याचं मूळ इथे सापडतं: शहराची जमीन-नोंद वेगळ्या वाटेनं वाढली, साष्टीची ठाण्याच्या महसुली पद्धतीनं.

कॉजवे कोणी बांधला?

लेडी जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून १८४५ मध्ये तो खुला झाला. त्यांनी १,५७,००० रुपये दिले होते. माहीमचा एल. जे. रोड त्यांच्याच नावाचा आहे. त्याआधी खाडी होडीनं ओलांडावी लागे.

ईस्ट इंडियन म्हणजे कोण? ते तर इथलेच ना?

इथलेच. साष्टी, वसई आणि मुंबईतले पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेले मूळ रहिवासी. घरची बोली मराठीच, शेती, मासेमारी आणि मिठागरांवर पोट. पुढे नोकऱ्यांसाठी गोवा आणि मंगळुराहून ख्रिस्ती लोक येऊ लागले, तेव्हा त्यांच्यापासून वेगळी ओळख हवी म्हणून १८८७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, या समाजानं 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं. पूर्व भारताशी त्याचा काही संबंध नाही.

रणवार, चुईम, पाली, शेर्ली, राजन, कांतवाडी, चिंबई ही वांद्र्याची जुनी गावं आणि पाखाड्या (गावातल्या जुन्या वस्त्या). चिंबईत कोळीवाडा आहे. गल्लीच्या तोंडावर दिसणारे क्रूस पाहा; त्यातले बरेच १८९६ नंतरच्या प्लेगच्या साथीत उभारले गेले.

वांद्र्याची स्वतःची नगरपालिका होती म्हणतात. तिचं काय झालं?

होती, १८७६ पासून. १९५० मध्ये ती मुंबई महापालिकेत विलीन झाली आणि १८८८चा मुंबई महानगरपालिका अधिनियम इथे लागू झाला. आज नोटिशीवर कलम ३५१, ३५४ वगैरे आकडे दिसतात ते या कायद्याचे. राज्यातल्या इतर बहुतेक महापालिका १९४९च्या कायद्यावर चालतात. त्यामुळे पुण्यातल्या किंवा ठाण्यातल्या नातेवाइकानं सांगितलेला कलम क्रमांक इथे लावू नका.

पत्त्यात 'टीपीएस ३' किंवा '३३वा रस्ता' असतं. हे काय प्रकरण आहे?

टीपीएस म्हणजे नगररचना योजना. १८९६च्या प्लेगनं दाट वस्तीची भीती बसली, लोक खाडी ओलांडून मोकळ्या जागेकडे सरकू लागले. १९१५ मध्ये मुंबई प्रांताचा नगररचना कायदा आला आणि त्याखालच्या सुरुवातीच्या योजना वांद्र्यात झाल्या. शेतांचे वेडेवाकडे तुकडे एकत्र करायचे, रस्ते आणि मोकळ्या जागा काढायच्या, उरलेली जमीन चौकोनी भूखंड करून मूळ मालकांना परत वाटायची, अशी ही पद्धत. वांद्रे, खार, सांताक्रूझ पश्चिमेचे आखीव रस्ते आणि त्यांचे नुसते क्रमांक त्यातून आले. रणवारच्या वाकड्या गल्लीतून बाहेर पडून पाच मिनिटांत काटकोनी रस्त्यावर येता, तेव्हा तुम्ही गावठाणातून योजनेत शिरलेले असता.

व्यवहारात इथे लोक फसतात ते आकड्यांत. योजनेतल्या जमिनीला दोन क्रमांक असतात, अंतिम भूखंड क्रमांक आणि नगर भूमापन क्रमांक. खरेदीखतात एक आणि मिळकत पत्रिकेवर (जमिनीच्या मालकीच्या सरकारी नोंदीवर) दुसरा, असं हमखास दिसतं. दोन्हींचा मेळ बसल्याशिवाय व्यवहार पुढे नेऊ नका. क्षेत्रफळही जुळवा, जुन्या मोजणीत आणि योजनेच्या अंतिम आकड्यात फरक निघतो.

१९५० मध्ये एक महापालिका झाली, मग उपनगरासाठी नियम वेगळे का?

कारण विलीनीकरणानं पालिका एक झाली, बाकीच्या व्यवस्था आपापल्या हद्दीवर थांबल्या. रोज अनुभवाला येणाऱ्या तीन गोष्टी:

वीज. बेस्टची वीज माहीम-सायनपाशी संपते. वांद्र्याची वीज बीएसईएसची होती. ती १९२९ची उपनगरी वीज कंपनी, पुढे रिलायन्सकडे आणि २०१८ मध्ये अदानीकडे गेली. टाटा पॉवरही ग्राहक घेते. बेस्टची बस मात्र सगळीकडे धावते, म्हणून लोक विजेची तक्रार घेऊन बेस्टकडे जातात. (भांडुप-मुलुंडला आणखी तिसराच प्रकार, तिथे महावितरण.)

रिक्षा. उपनगरात चालते, माहीमच्या कॉजवेवरून पुढे जात नाही. नव्या पाहुण्याला हे सांगून ठेवा.

तिसरी गोष्ट सगळ्यात महागात पडणारी, उपकर. म्हाडाचं (राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाचं) इमारत दुरुस्ती मंडळ आणि 'उपकरप्राप्त इमारत' (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी इमारत) ही व्यवस्था फक्त शहर बेटापुरती आहे. वांद्र्यातल्या साठ-सत्तर वर्षांच्या भाडेकरू इमारतीला ती लागू नाही. गिरगावातल्या मावशीची चाळ म्हाडानं दुरुस्त केली, मग आमची का नाही, याचं उत्तर एवढंच.

माझं वॉर्ड ऑफिस कोणतं?

वांद्रे पश्चिम, खार पश्चिम आणि सांताक्रूझ पश्चिम यांचं एच/पश्चिम. त्याचं कार्यालय वांद्रे पश्चिमेलाच, सेंट मार्टिन रस्त्यावर, वांद्रे पोलीस ठाण्याच्या मागे. वांद्रे पूर्व, खार पूर्व आणि सांताक्रूझ पूर्व यांचं एच/पूर्व. ते सांताक्रूझ पूर्वेला प्रभात कॉलनीत आहे. वांद्रे पूर्वेच्या रहिवाशाला पालिकेच्या कामासाठी सांताक्रूझला जावं लागतं आणि राज्यभरचे लोक त्याच्या दारात म्हाडा, एसआरए (झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण), जिल्हाधिकारी यांच्यासाठी येतात.

वॉर्डचा प्रमुख सहायक आयुक्त. अर्ज करताना खात्याचं नाव नेमकं घाला, नाहीतर कागद आवक-जावकमध्ये फिरत राहतो. रस्ता, पदपथ, छोटी गटारं: परिरक्षण. अनधिकृत बांधकाम, धोकादायक इमारत: इमारत व कारखाने. कचरा: घनकचरा व्यवस्थापन. डास, उंदीर: कीटकनाशक. फेरीवाले: अनुज्ञापन आणि अतिक्रमण निर्मूलन. पाणी: जल विभाग. मोठे नाले: पर्जन्य जलवाहिन्या. जन्म-मृत्यू नोंद आरोग्य खात्याकडे.

रस्त्यावर खड्डा आहे. तक्रार केली तर उत्तर येतं, 'हा रस्ता आमचा नाही'. मग कोणाचा?

वांद्र्याचं खरं दुखणं हेच. एका उपनगरात किमान सहा मालक आहेत.

स्वामी विवेकानंद मार्ग (जुना घोडबंदर रस्ता), लिंकिंग रोड, हिल रोड, कार्टर रोड आणि गल्ल्या महापालिकेच्या. पश्चिम द्रुतगती महामार्ग आधी एमएमआरडीएकडे (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे) होता, नोव्हेंबर २०२२ मध्ये पालिकेकडे आला; जुने फलक आणि जुने सल्ले अजून एमएमआरडीएकडे पाठवतात, तिकडे दुर्लक्ष करा.

वांद्रे-कुर्ला संकुल एमएमआरडीएचं. मिठी आणि वाकोला नाल्याकाठची ही दलदल. १९७७ मध्ये एमएमआरडीएला इथे विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं गेलं. संकुलातली बांधकाम परवानगी तीच संस्था देते, मालमत्ता कर मात्र पालिका घेते.

वांद्रे-वरळी सागरी सेतू राज्य रस्ते विकास महामंडळाचा. ५.६ किलोमीटरचा हा पूल ३० जून २००९ रोजी खुला झाला, टोल त्यांचाच.

वांद्रे पूर्वेची शासकीय वसाहत सार्वजनिक बांधकाम विभागाची. उच्च न्यायालयाच्या नव्या संकुलाची जागाही याच वसाहतीतली.

गांधीनगर, खेरवाडी, वांद्रे रेक्लमेशन यांसारख्या वसाहतींत अंतर्गत रस्ते आणि मोकळ्या जागा म्हाडाच्या अभिन्यासात (वसाहतीच्या मंजूर आराखड्यात) येतात, म्हणून आधी म्हाडाला विचारावं लागतं. २०१८ पासून आपल्या अभिन्यासांत बांधकाम परवानगीही म्हाडाच देते.

स्थानकाची हद्द, फलाट, पादचारी पुलांचा काही भाग रेल्वेचा. पुलाच्या जिन्याची शेवटची पायरी रेल्वेची आणि त्यापुढची फरशी पालिकेची, असाही प्रकार आहे. कचरा नेमका तिथेच साचतो.

मिठी नदीचंही तसंच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर नदीच्या सुमारे १७.८ किलोमीटर लांबीची कामं वाटली गेली: वरचे ११.८ किलोमीटर पालिकेकडे आणि वांद्र्याजवळचे खालचे ६ किलोमीटर एमएमआरडीएकडे. पाणी अर्थातच वाटणी वाचत नाही.

तक्रार नेमकी कशी करावी?

१. १९१६ वर फोन करा. हा पालिकेचा क्रमांक चोवीस तास चालतो, आपत्कालीन मदतीसाठीही हाच.
२. पत्ता सांगताना जवळच्या दिव्याच्या खांबाचा क्रमांक द्या. 'मंदिराजवळ' किंवा 'क्रॉसजवळ' म्हणालात तर वांद्र्यात पन्नास जागा निघतील.
३. तक्रार क्रमांक लिहून घ्या. तो नसेल तर पुढची कुठलीच पायरी चालत नाही.
४. तारीख दिसेल असे फोटो काढा, एक जवळून, एक लांबून ओळखीची खूण येईल असा.
५. 'निकाली काढली' असा संदेश आला आणि काम झालेलं नसेल, तर नवी तक्रार टाकू नका. जुन्याच क्रमांकाचा हवाला देऊन सहायक आयुक्तांच्या नावे लेखी अर्ज द्या आणि आवक शिक्का घ्या.

पाचवी पायरी लोक चुकवतात. नवी तक्रार म्हणजे घड्याळ पुन्हा शून्यावर, आणि तुमची पहिली तक्रार हिशोबात 'सोडवलेली' म्हणून जमा.

अनधिकृत बांधकामाची तक्रार करून महिने झाले. काहीच का होत नाही?

आधी नोटीस कोणत्या कलमाची आहे ते विचारा. पालिकेच्या हद्दीत साधारणपणे कलम ३५१ची नोटीस निघते, पदनिर्देशित अधिकारी उत्तर मागवतो, मग आदेश काढतो. त्यात समोरच्यानं दिवाणी न्यायालयातून स्थगिती आणली की फाइल थांबते. त्यामुळे 'कारवाई करा' असा आणखी एक अर्ज देण्यापेक्षा तीन गोष्टी लेखी मागा: नोटीस क्रमांक आणि तारीख, आदेश झाला का, स्थगिती असेल तर दाव्याचा क्रमांक. दाव्याचा क्रमांक हातात आला की पुढची तारीख कोणालाही ऑनलाइन पाहता येते. जागा झोपडपट्टी योजनेत, म्हाडाच्या अभिन्यासात किंवा वांद्रे-कुर्ला संकुलात असेल, तर कारवाईचा अधिकारीच वेगळा. तिथे पालिकेकडे घातलेले महिने वाया जातात.

पालिका आहे, मग जिल्हाधिकारी कशाला?

पालिका शहर चालवते, जिल्हाधिकारी जमिनीचा महसूल, सरकारी जमिनी, निवडणूक, दाखले, जिल्हा नियोजन बघतो. मुंबई शहर आणि उपनगर या दोन्ही जिल्ह्यांना जिल्हा परिषद नाही, ग्रामीण भागच नाही म्हणून. जिल्हाधिकारी कार्यालय वांद्रे पूर्वेला शासकीय वसाहतीत, चेतना महाविद्यालयाजवळ.

गंमत अशी की जिल्ह्याचं ठिकाण वांद्रे असलं तरी तालुका अंधेरी. जिल्ह्यात अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला असे तीनच तालुके. त्यामुळे तहसीलदाराचं काम असेल तर अंधेरी. अर्जात 'तालुका वांद्रे' लिहिलंत तर तो परत येतो.

मिळकत पत्रिका कशी काढायची? तिच्यावर माझं नाव नाही, काळजी करू का?

वांद्र्यात सातबारा नव्हे, मिळकत पत्रिका चालते. ती नगर भूमापन अधिकाऱ्याकडे असते. महाभूमीच्या संकेतस्थळावर जिल्हा मुंबई उपनगर निवडा, मग वांद्र्याचं नगर भूमापन कार्यालय, मग गावाचा अक्षरी भाग आणि भूमापन क्रमांक. अक्षरी भाग चुकला तर भलत्याचीच पत्रिका समोर येते, कारण तोच आकडा दुसऱ्या भागातही असू शकतो. कामाला डिजिटल स्वाक्षरीची प्रत लागते, नुसती पडद्यावरची चालत नाही.

तुम्ही सोसायटीतले सदनिकाधारक असाल तर पत्रिकेवर तुमचं नाव नसणारच. तिथे सोसायटीचं नाव आहे का ते बघा. वांद्र्यातल्या अनेक जुन्या पत्रिकांवर अजून बिल्डरचं किंवा त्याच्याही आधीच्या कुटुंबाचं नाव आहे. म्हणजे अभिहस्तांतरण (जमिनीची मालकी सोसायटीच्या नावे होणं) झालेलं नाही. मालक सही करत नसेल तर सोसायटी १९६३च्या मोफा (सदनिका मालकी) कायद्याच्या कलम ११ खाली जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी अर्ज करू शकते. पुनर्विकासाचा विचार मनात येण्याआधीच हे करून टाका. भाव वाढल्यावर मूळ मालकाचे वारस परदेशातून उगवतात.

पत्रिकेवरचा 'सत्ताप्रकार' हा रकाना वाचायला विसरू नका. जमीन सरकारी भाडेपट्ट्याची असेल तर नुसती सदनिका विकायलाही जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि हस्तांतर शुल्क लागू शकतं. हे टोकन दिल्यानंतर कळलेले ग्राहक कमी नाहीत.

गावठाणातलं घर आहे, कागद आजोबांच्या नावावर. सुरुवात कुठून?

वारस नोंदीपासून. मृत्यू दाखले, वंशावळ, प्रतिज्ञापत्र आणि असल्यास मृत्युपत्र घेऊन नगर भूमापन कार्यालयात अर्ज करा. सर्व हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीला मुदत मिळते, मग फेरफार होतो. एक वारस वगळून अर्ज केला तर काम लवकर होईल असं सुचवणारे एजंट भेटतात. ती नोंद पुढे रद्द होते आणि मधल्या काळात केलेला करारही अडकतो.

दुसरी अडचण गावठाणात नेहमीची: पत्रिकेतलं क्षेत्र आणि घराचा प्रत्यक्ष पाया जुळत नाही, ओटा आणि जिना गल्लीत आलेला असतो. दुरुस्तीची परवानगी मागण्याआधी मोजणी करून घ्या. मोजणी झाली की शेजाऱ्याशी जुनं भांडण नव्यानं निघतं, याची तयारी ठेवा. भिंत पाडल्यावर भांडण्यापेक्षा ते बरं.

आमची इमारत जुनी आणि भाडेकरूंची आहे. पालिकेनं नोटीस दिली तर घर जाईल का?

तीस वर्षं पूर्ण झालेल्या इमारतीची संरचनात्मक तपासणी कलम ३५३-बी नुसार बंधनकारक आहे. अहवालात इमारतीला वर्ग मिळतो. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून किंवा अंशतः पाडून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे न रिकामी करता दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ.

खरी लढाई सी-१ आणि सी-२ यांच्यामध्ये असते. मालकाचा अभियंता सी-१ म्हणतो, भाडेकरूंचा सी-२. दोन अहवाल परस्परविरोधी असले की प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं. म्हणून भाडेकरूंनी मालकाच्या अहवालाची वाट न पाहता स्वतःचा अभियंता नेमावा आणि तो पालिकेच्या नोंदणीतला असावा.

सी-१ ठरलं आणि कलम ३५४ खाली इमारत रिकामी करायला सांगितलं, तरी भाडेकरूचा हक्क इमारतीबरोबर पडत नाही. मात्र तो सिद्ध करावा लागतो. बाहेर पडण्याआधी आपल्या खोलीचं क्षेत्रफळ पालिकेच्या यादीत नोंदवून त्याचं प्रमाणपत्र घ्या. भाडेपावत्या, वीजबिल, शिधापत्रिका, मतदार यादीतला उतारा, खोलीचे आतले फोटो एकत्र ठेवा. इमारत पडल्यावर कोण किती फुटांत राहत होतं हे सांगायला भिंतच उरत नाही. भाड्याचा वाद लघुवाद न्यायालयात जातो, त्याची वांद्र्याला शाखा आहे.

सोसायटीचा पुनर्विकास: वांद्र्यात कशानं अडतो?

चार गोष्टींनी. पहिली, वर सांगितलेलं अभिहस्तांतरण. दुसरी, रस्त्याची रुंदी: उपनगरात मूळ चटई क्षेत्र निर्देशांक (एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा) १ आहे आणि त्यावरचा वाढीव निर्देशांक रस्ता किती रुंद यावर ठरतो, ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर गणित बसत नाही. टीपीएसच्या रुंद रस्त्यावरची इमारत आणि पाखाडीतल्या गल्लीतली इमारत यांच्या नशिबातला फरक एवढाच. तिसरी, उंची: विमानतळ जवळ असल्यानं विमानतळ प्राधिकरणाचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं आणि कागदावर मिळणारं सगळं क्षेत्र उंचीच्या मर्यादेत मावत नाही. चौथी, कार्टर रोड आणि बँडस्टँडकडे सागरी किनारा नियमन क्षेत्र.

बिल्डरचं सादरीकरण ऐकताना निर्देशांकाआधी रस्त्याची रुंदी आणि उंचीची मर्यादा विचारा. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अ खालच्या ४ जुलै २०१९च्या शासन निर्णयात सभेची, मतदानाची आणि निविदेची पद्धत ठरवून दिली आहे. वॉर्डच्या उपनिबंधकांचा प्रतिनिधी हजर असलेल्या सभेत विकासक निवडावा लागतो. ती पायरी वगळून झालेली निवड एका सभासदाच्या तक्रारीवर वर्षभर लोंबकळू शकते.

झोपडपट्टी योजनेत पात्रता कशी ठरते?

१ जानेवारी २०००च्या आधीचा पुरावा असेल तर मोफत घर. त्यानंतरचा पण १ जानेवारी २०११ पर्यंतचा असेल तर पैसे भरून. पात्रतेची यादी म्हणजे परिशिष्ट-२. त्यात नाव, वय किंवा वापर (निवासी की व्यापारी) चुकला असेल तर लगेच अपील करा. एसआरएचं मुख्य कार्यालय वांद्रे पूर्वेला अनंत काणेकर मार्गावर आहे.

मालमत्ता कर माफ आहे ना?

५०० चौरस फुटांपर्यंत चटई क्षेत्राच्या निवासी सदनिकेला १ जानेवारी २०२२ पासून. त्याच आकाराच्या दुकानाला नाही. घरात दवाखाना किंवा पार्लर चालवत असाल आणि तशी नोंद झाली तर माफी जाते. २०१० पासून आकारणी भांडवली मूल्यावर आहे, म्हणून क्षेत्र, बांधकामाचं वर्ष आणि वापर हे तीन तपशील देयकावर बरोबर आहेत का ते एकदा तपासा. थकबाकीवर दरमहा २ टक्के दंड चढतो.

पाणी कुठून येतं आणि कमी दाबानं का येतं?

विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे तलाव साष्टीत, पण बांधले शहरासाठी. आता मुख्य भार तानसा, वैतरणा आणि भातसा यांच्यावर. वांद्रे-खार पश्चिमेचा बराच भाग पाली हिलच्या जलाशयावर अवलंबून आहे. दाब कमी असेल तर आधी फक्त तुमच्या इमारतीत की गल्लीभर ते बघा. गल्लीभर असेल तर जल विभाग. फक्त तुमच्याकडे असेल तर गंजलेली जोडणी किंवा गळती, आणि ती मीटरपासून आत तुमची जबाबदारी. नव्या जोडणीचा अर्ज परवानाधारक प्लंबरमार्फतच करावा लागतो. मुख्य नळाला थेट पंप लावू नका. तो बेकायदा आहे आणि गळतीतून गटाराचं पाणी आत खेचतो.

सोसायटीतलं झाड कोण छाटणार?

सोसायटीच, पण वॉर्डच्या उद्यान खात्याची परवानगी घेऊन. अर्ज मार्च-एप्रिलमध्ये द्या. मे अखेरीस सगळ्या वांद्र्याला झाडं आठवतात.

नगरसेवक, आमदार, खासदार: कोणाकडे काय न्यावं?

खड्डा, गटार, दिवा, पाणी: नगरसेवक. म्हाडा, झोपडपट्टी योजना, शासकीय वसाहत, पोलीस: आमदार. रेल्वे, विमानतळ: खासदार. विधानसभेचे मतदारसंघ दोन, वांद्रे पूर्व (१७६) आणि वांद्रे पश्चिम (१७७), दोन्ही मुंबई उत्तर मध्य लोकसभेत. २०१७च्या रचनेत २२७ पैकी ८७ ते ९६ हे प्रभाग एच/पूर्वमध्ये आणि ९७ ते १०२ एच/पश्चिममध्ये होते. त्या सभागृहाची मुदत ७ मार्च २०२२ला संपली. पुढची निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधली जवळपास चार वर्षं आयुक्तच प्रशासक होते. त्या काळातल्या कामाबद्दल 'नगरसेवक निधीतून मंजूर' असं कोणी सांगत असेल तर कागद बघायला मागा.

मोतमावलीच्या (माउंट मेरी चर्चच्या) जत्रेत दुकान लावायचं आहे. परवानगी कोण देतं?

सण ८ सप्टेंबरचा, जत्रा त्याच्या लगतच्या रविवारपासून आठवडाभर. रस्त्यावरचे तात्पुरते गाळे एच/पश्चिम वॉर्ड देतो, चर्चच्या आवारातली जागा चर्चच्या हाती. खाद्यपदार्थ असतील तर आरोग्य खात्याच्या अटी लागतात आणि उघड्यावर सिलिंडर वापरता येत नाही. चौकशी जुलैपासून सुरू करा; ऑगस्टच्या शेवटी गेलात तर उताराच्या टोकाची, गर्दी न थांबणारी जागा मिळते.

एवढं करूनही कोणाची जबाबदारी हे कळतच नसेल तर?

माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला माफ. उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज चुकीच्या कार्यालयात पडला तर कलम ६(३) नुसार पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. वांद्र्यात या एका पोटकलमाइतकं उपयोगी दुसरं काही नाही, कारण 'आमचा नाही' म्हणणाऱ्याला मग 'कोणाचा' हेही लिहून द्यावं लागतं.

प्रश्न 'का' असा विचारू नका. कारणमीमांसा देणं त्यांच्यावर बंधनकारक नसतं. कागद मागा: 'अमुक खांब क्रमांक ते अमुक खांब क्रमांक या रस्त्याच्या मालकी आणि देखभालीबाबतच्या नोंदीची प्रत', 'शेवटच्या दुरुस्तीचा कार्यादेश', 'दोषदायित्व कालावधी कधी संपतो ते दर्शवणारा कागद'. तिसरा कागद हाती आला आणि मुदत शिल्लक असेल, तर खड्डा कंत्राटदारानं आपल्या खर्चानं बुजवायचा असतो. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे.